उभा रुपया

चिंचिणीला, मेस्त इनासच्या पडवीत
ताडपत्रीखाली होतं रंध्याचं मशीन.
मी आधी नुसतं पाहिलं. हात लावला नाही.
घेणाऱ्यानं लगेच हात लावू नये,
विकणाऱ्याला हातावरून लोभ कळतो.

रंग मी मोजत नाही.
मडगावात एकानं हिरवंगार रंगवून गळ्यात मारलेलं मशीन
तीन महिन्यांत शाफ्टासकट बसलं.
तेव्हापासून आधी खाली वाकतो:
पायाचे बोल्ट, पट्ट्यांच्या भेगा,
गंज साळ नदीच्या वाऱ्याचा आहे, वरवरचा,
की आत शिरलेला.
नख लावलं. वरवरचा.

टेबलावर पट्टी ठेवली, आडवी, उभी, तिरकी,
खालून विडीचा कागद सरकवून पाहिला.
कुठेच शिरेना.
चाळीस वर्षं फणस, माट्टी, शिवण अंगावर घेऊन
हे अजून सपाट.
चेहरा मात्र मी पडकाच ठेवला.

"चालू कर रे शाणू."
पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला.
डावीकडे बारीक कुरकुर.
उजवीकडे काही नाही.
मोटर एकदाही उकललेली नाही, आवाजच सांगतो.
खिशातला रुपया काढून टेबलावर कडेनं उभा केला.
राहिला.
मशीन गरजतंय आणि रुपया उभा.

आर्मिंदाबाय कॉफी घेऊन आली.
"भंगारवाला बत्तीस म्हणतो किलोला.
पोर स्विंडनहून ओरडतो, मम्मा, दी उडोवन.
तू पंधरा हजार दे आणि घेऊन जा.
मला ते घरात नको."
आणि तिनं आपली तर्जनी
मधल्या पेरापासून दुसऱ्या हातानं झाकून दाखवली.
"इनासचं. ह्याच्यात. सांजांवच्या आदल्या दिवशी."

पात्यांवर गार्ड नाही, हे मी आल्याआल्याच पाहिलं होतं.
त्याचे सहाशे वजाही केले होते.
पण बोटाचं काय करायचं?
किमतीत धरायचं, की वजा करायचं?
वीस वर्षं जुनी मशीनं तोलतोय,
हा रकाना माझ्या वहीत नाही.

असं मशीन साठाला जातं. मला माहीत होतं, तिला नव्हतं.
खिशात पन्नास होते,
घरी पस्तीस सांगून निघालो होतो.
कॉफी निवेपर्यंत पंधराच्या बाजूनं
मी बरेच मुद्दे काढले:
टेम्पोचं भाडं, सहा माणसं, बोरीच्या पुलावरची गर्दी,
आणि भाव तिनंच सांगितलाय, मी नाही.
शाणूनं मशीन बंद केलं नव्हतं, मेल्यानं.
रुपया तसाच.

साठातून बेअरिंगचे चार,
पट्टे नि गार्ड मिळून दोन,
दोन माझ्या संशयाचे.
"बावन्न," मी म्हणालो.
"आज पन्नास घे. दोन चवथीआधी आणून देतो."

तिला आधी वाटलं चेष्टा करतोय,
मग वाटलं, हा माणूस जरा कमी आहे.
(शाणूला अजून तसंच वाटतं.)
"लोखंडाला?" तिनं विचारलं.
उत्तर मला सुचलं नाही.
ती आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली.
त्यात तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार पाती,
आणि तळाशी तो गार्ड, पितळी स्क्रूंसकट.
"काढून ठेवायचा. म्हणायचा, मध्ये येतो."

गार्डचे सहाशे मी मनात परत मांडले.

रात्री डिचोलीत उतरवलं. पोटातून मूठभर
फणसाचा पिवळा भुसा सांडला, कोरडाठक्क.
आधी गार्ड बसवला, मगच बटण दाबलं.
आमच्याकडे फेज उलटी लागली होती,
पहिल्यांदा ते मागंच फिरलं.
दोन वायरी बदलल्या.